बायकोचं पहिलं लग्न: तिलाच विचारायचं की बाहेरून काढायचं?

जुनी चित्रं जमवणाऱ्याला चित्राची पाठ आधी बघायची खोड असते. खिळे जुने की नवे, फ्रेमवाल्याची चिठ्ठी आहे का, आधी कुणाच्या घरात होतं. आबालाल रहिमान यांचं म्हणून रंकाळ्याचं चित्र कुणी विकायला आणलं, तर एवढं केल्याशिवाय पैसे मोजूच नयेत. चित्रकार 1931 साली गेले, त्यांना विचारायची सोय नाही.

बायको मात्र शेजारच्या खोलीत आहे.

समजा, तिच्या माहेरच्या सामानात तिचंच तैलचित्र निघालं. शालू, मुंडावळ्या, आणि पाठीवर पेन्सिलीनं भलतंच आडनाव, तारीख तुमच्या लग्नाआधीची. पैसा आहे, ओळखी आहेत, त्यामुळे हात आधी फोनकडेच जातो.

बाहेरून चौकशी केली तर तयारीनिशी बोलता येतं, हा एकच खरा फायदा. पण हे कोल्हापूर आहे. सकाळी राजारामपुरीत विचारलेलं संध्याकाळी शिवाजी पेठेत पोचतं, तेही तिखटमीठ लावून. ज्या पाहुण्यांना विचाराल ते आधी तिच्या माहेरी कळवतील. खासगी गुप्तहेर परवडेल, पण तो पत्ता आणि फोटो आणेल, लग्न का मोडलं ते नाही. कुणी कॉल रेकॉर्ड काढून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा, तो गुन्हा आहे. शिवाय तिला हे कळलं (कळतंच), की तिनं लपवलं हा विषय बाजूला पडतो आणि तुम्ही पाळत ठेवलीत, यावर भांडण सुरू होतं.

तिला विचारलं तर ती चिडेल, अर्धंच सांगेल. चालेल. बाकीचं कागद सांगतात: घटस्फोट असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, पहिला नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला. ‘बैठकीत काडीमोड झाली’ असं उत्तर आलं तर वकील गाठा. समाजाची तशी रूढी कायद्याला मान्य असू शकते, पण ती सिद्ध करावी लागते. आणखी एक विचाराच: लपवायचं ठरवलं कुणी? बऱ्याचदा ‘स्थळ हातचं जाईल’ म्हणून माहेरच्यांनीच तिला गप्प बसवलेलं असतं. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली पुनर्विवाहाचा कायदा केला, तिथं आजही ही वेळ यावी, याला काय म्हणायचं!

ते चित्र मात्र पुराव्यासारखं टेबलावर आपटू नका. तिला भेट मिळालेलं असेल तर ते स्त्रीधन आहे. विकायचं, टांगायचं की माळ्यावर टाकायचं ते तीच ठरवेल, मग तुमचा संग्रह कितीही मोठा असो.

माझं मत सरळ आहे: आधी ती, मग कागद, पाहुणे कधीच नाहीत.

कोर्टाचं थोडक्यात. हिंदू विवाह कायदा, 1955 प्रमाणे लग्नाच्या वेळी पहिला नवरा हयात असेल आणि ते लग्न कायद्यानं मोडलेलं नसेल, तर तुमचं लग्न मुळातच रद्दबातल. फसवून संमती घेतली असं म्हणायचं असेल, तर फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. आणि कळल्यावरही राजीखुशीनं संसार चालू ठेवलात, तर तो दरवाजा वर्षाच्या आतही बंद होतो.