नागपूरच्या उन्हात टर्बो पेट्रोल: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आता वर्ष उलटून गेले आहे. त्याआधी माझ्याकडे १.२ लिटरची, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली हॅचबॅक होती, त्यामुळे दोघींची तुलना सतत मनात चालू असते. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या जातीची इंजिने आज बहुतेक कंपन्यांकडे आहेत आणि मला लिहायचे आहे ते इंजिनाबद्दल; सीट, स्क्रीन आणि सनरूफबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. ‘ताकद मोठ्या इंजिनाची, अ‍ॅव्हरेज छोट्या इंजिनाचे’ असे सांगून या गाड्या विकल्या जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्या एकाच वेळी मिळत नाहीत, आणि शोरूममध्ये एवढे मात्र कोणी सांगत नाही.

आधी ताकदीचे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, म्हणजे इंजिनाची ताकद ही शेवटी त्यात किती हवा शिरते यावर ठरते. साधे इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर भागवते. टर्बोमध्ये, एरवी सायलेन्सरवाटे वाया जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते, आणि हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. फरक किती पडतो हे पाहायला निसान मॅग्नाइटचे उदाहरण सोयीचे आहे, कारण तिची दोन्ही इंजिने ९९९ सीसीचीच आहेत: टर्बो नसलेले ७२ पीएस (ताकदीचे एकक) आणि ९६ न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देते, टर्बोचे १०० पीएस आणि १६० न्यूटन-मीटर. कल्पना नवी नाही. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने तिचे पेटंट १९०५ सालीच घेतले होते, आणि आपल्याकडचे ट्रक कित्येक वर्षे टर्बोवरच धावत आहेत.

प्रत्यक्ष चालवताना हा फरक टॉर्कमध्ये जाणवतो. जुन्या गाडीत भरलेल्या ट्रकला ओव्हरटेक करायचे तर दोन गिअर खाली उतरून इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत ताणावे लागे; आता तिसऱ्या गिअरमध्ये काटा अठराशेच्या पुढे सरकला की गाडी स्वतःहून पुढे ओढली जाते. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात, पाच माणसे, सामान आणि एसी चालू असतानाही हीच स्थिती होती. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर हवा सुमारे नऊ-दहा टक्के विरळ होते आणि साधे इंजिन त्याच प्रमाणात ढेपाळते. टर्बो मात्र थोडा जास्त फिरून ती तूट बरीचशी भरून काढतो.

शहरात चित्र वेगळे आहे. सीताबर्डीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये पंधराशे फेऱ्यांच्या खाली गाडी रेंगाळते, कारण धूरच पुरेसा नसतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नाही आणि मग सगळे एकदम येते. हाच तो टर्बो लॅग. आठवडाभरात पायाला त्याची सवय होते, पण सिग्नलवर तीन सिलिंडरची थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवते, तिची सवय मला अजून झालेली नाही.

आता अ‍ॅव्हरेज, ज्यावर सर्वाधिक वाद होतात. पाय हलका असताना पेट्रोल इंजिनाची थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेली असते, पिस्टनला त्या फटीतून हवा ओढावी लागते आणि हे ओढण्याचे कामही पेट्रोल खाऊनच होते. लहान इंजिनाला तेवढ्याच वेगासाठी झडप जास्त उघडावी लागते, म्हणून हा तोटा कमी होतो. शिवाय एक सिलिंडर कमी म्हणजे घासणारे भागही कमी. ही बचत खरी आहे, पण ती शांत चालवणाऱ्यालाच मिळते. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, जोरात आला की इंजिन नॉक करू नये (मिश्रण अवेळी पेटून आत ठोके बसू नयेत) म्हणून कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो, आणि पूर्ण जोरात तर टर्बोचे चक्र फार तापू नये म्हणून गरजेपेक्षा जास्त पेट्रोलही फवारले जाऊ शकते.

समृद्धी महामार्गावर हे स्पष्ट दिसते. टाकी फुल्ल करून काढलेल्या हिशेबात नव्वद-पंचाण्णवच्या वेगाला मला लिटरमागे एकोणीस-वीस किलोमीटर मिळतात. १२० या वेगमर्यादेला चिकटून गेले की तोच आकडा चौदाच्या आसपास येतो. वाऱ्याचा विरोध नव्वदपेक्षा १२० ला पावणेदोन पट होतो, त्यामुळे आकडा कोणत्याही गाडीचा उतरतो, परंतु जुन्या गाडीचा इतका उतरत नसे. शहरात अकरा-बारा मिळतात, आणि त्यात जुन्या गाडीपेक्षा फायदा शून्य आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही यात वाटा आहे: लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट धरावीच लागते. ज्यांचे धावणे धरमपेठ ते सदर एवढेच आहे, त्यांनी टर्बोसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपूरकरांसाठी खरी कसोटी मे महिन्यात लागते. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ टक्क्यांनी विरळ असते, आणि ती दुप्पट दाबली की तिचे तापमान सव्वाशे अंशांच्याही पुढे जाते. ती थंड करणारा इंटरकूलर बाहेरच्या हवेवरच चालतो, म्हणजे कितीही चांगला असला तरी ४५ च्या खाली नेऊ शकत नाही. भर दुपारी अजनी चौकात दोन सिग्नल उभे राहून निघाल्यावर गाडी अंगात कणकण असल्यासारखी उचलते; मोकळ्या रस्त्यावर थोडा वारा लागला की पूर्ववत होते. घरी पोहोचून गाडी बंद केल्यावरही पंखा बराच वेळ घोंगावत राहतो. आमचे वॉचमन पहिल्या उन्हाळ्यात वरपर्यंत येऊन सांगून गेले, ‘भाऊ, गाडी चालूच राहिली ना तुमची!’ ती बंदच होती, टर्बो निवत होता.

देखभालीत एकाच गोष्टीवर मी आग्रही आहे, ती म्हणजे ऑइल. थेट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, छोट्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जास्त जोर दिला, तर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेण्याचा धोका असतो आणि त्यातून पिस्टनही फुटू शकतो. ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या ‘एसएन प्लस’ आणि २०२० पासूनच्या ‘एसपी’ या दर्जांत नेमकी यासाठीची चाचणी आहे. म्हणून टॉप गिअरमध्ये गाडी रखडत ओढू नये. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरवर मला ‘ऑइल सगळे सारखेच असते’ असे ऐकवून बॅरलमधले ऑइल भरायला घेतले होते. मी थांबवून डब्यावरचा दर्जा पाहिला, तो जॉब कार्डवर लिहून घेतला आणि मगच डबा समोर उघडायला लावला. आता ऑइल मी पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच, उन्हाळा संपताच बदलून घेतो, आणि एअर फिल्टरही त्याच वेळी झाडून पाहतो.