हाताची गोधडी की मशीनवरचे दुपटे: घरून विक्री सुरू करणाऱ्यांसाठी

बाळंतविड्याचे काम घरून सुरू करताना पहिला प्रश्न येतो तो जुन्या साड्यांच्या थरांना हाताने धावदोरा घालून गोधड्या शिवाव्यात की नव्या कापडाची दुपटी मशीनवर शिवून विकावीत, हा. माझे मत असे की विक्रीसाठी तयार ठेवायचा माल मशीनवरचा असावा आणि हाताची गोधडी केवळ मागणीनुसार, तीही शक्यतो गिऱ्हाइकाच्याच घरातील साड्यांची, शिवावी.

याचे कारण वेळ हे आहे. तीन फूट लांब-रुंद गोधडीत धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या, तर एकूण शिलाई सुमारे 65 मीटर भरते आणि ती सगळी सुईनेच घालावी लागते. तेवढ्याच दुपट्यावर तीन-तीन इंचांच्या चौकटी मशीनने मारल्यास शिलाई 22 मीटरच्या आसपास होते व एका बैठकीत उरकते. भीमथडी जत्रा किंवा महालक्ष्मी सरस यांसारख्या प्रदर्शनात लोक दोन्ही वस्तू शेजारी ठेवून किंमत विचारतात, आणि तेथे हाताच्या श्रमाचे पुरते मोल मिळणे अवघड असते. आजीच्या साडीची गोधडी मात्र दुकानात मिळत नाही, त्यामुळे ती करून घेणाऱ्या कुटुंबाला मजुरी तासांच्या हिशेबाने सांगता येते आणि काही रक्कम आगाऊही मागता येते.

कापडाच्या बाबतीत गोधडी निःसंशय सरस आहे. वर्षानुवर्षे धुतलेली सुती साडी आटायची तेवढी आटलेली असते, तिचा स्पर्श मऊ असतो आणि एका पाचवारी साडीतून सव्वा मीटरचे चार थर निघतात. विरलेला भाग उजेडासमोर धरून ओळखावा आणि आतल्या थरात घालावा. नवे मलमल किंवा केंब्रिक बेतण्यापूर्वी धुऊन वाळवलेच पाहिजे, अन्यथा पहिल्याच धुण्यात दुपटे चुरमडते. पावसाळ्यात मात्र जाड गोधडी लवकर वाळत नाही, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन्ही सारखीच जबाबदारीची आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022 च्या मार्गदर्शनातही तान्ह्या बाळाच्या झोपण्याच्या जागी रजई, उशी किंवा सैल पांघरूण ठेवू नये असेच सांगितले आहे. म्हणून गोधडी असो वा दुपटे, बाळ जागे असताना आणि मोठ्यांच्या नजरेसमोर अंथरण्यासाठी, असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. संचात उशी देऊ नये, आणि झबल्या-टोपड्यांना सुटणारी बटणे किंवा लांब नाड्या लावू नयेत.

महाराष्ट्रात केवळ राज्यातच माल विकणाऱ्यास वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांपर्यंत असल्यास सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात पाठवण्यापूर्वी करसल्लागाराला विचारावे. ज्यांच्याकडे मशीन नाही, त्यांनी ते घेण्यासाठी कर्ज काढू नये. ओळखीच्या घरांतून गोधड्यांची मागणी घ्यावी आणि त्या मजुरीतूनच मशीन घ्यावे.