नॉर्फोकची सुट्टी: समुद्रकिनारा की ब्रॉड्स?
इंग्लंडच्या नॉर्फोकमध्ये चार दिवसच असतील, तर मुक्काम कुठे करायचा? समुद्रकिनाऱ्यावरच्या क्रोमरला राहिलात तर तिथले प्रसिद्ध खेकडे खाता येतात आणि मॉर्स्टनहून होडीने ब्लेकनी पॉइंटचे करडे सील पाहता येतात. त्यांची पिल्लं साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत जन्मतात. थंडी सोसत असेल तर तेव्हाच जा! होड्या भरती पाहून सुटतात. दलदलीत चालताना मात्र जपा, भरतीचं पाणी खाड्यांतून मागून वेढतं.

ब्रॉड्स म्हणजे मध्ययुगात पीट (जळणाला वापरायची, कुजलेल्या वनस्पतींची माती) खणून झालेले खड्डे, पुढे पाण्याने भरलेले. आज तिथे जवळपास 200 किलोमीटर जलमार्ग आहेत. उन्हाळ्यात तिथल्या रॉक्समला दिवसभरासाठी बोट भाड्याने मिळते. आईबाबा सोबत असतील तर मी ब्रॉड्सच निवडेन. नॉरिच शहराहून एकच रेल्वे दोन्हीकडे नेते.