गोट्यांतली सिराह

सिराह या काळ्या द्राक्षाच्या लाल वाइनचा पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. जांभळ्या फळांचा गोडवा शोधत होतो. आला तो खारवलेल्या काळ्या ऑलिव्हचा, धुरावर धरलेल्या मांसाचा आणि काहीसा रक्ताचा वास. चूक माझीच. बूच काढलं आणि धीर न धरता लगेच ओतली. दोन तास डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून ठेवतात त्या काचेच्या सुरईत, बसू दिल्यावर मात्र तीच वाइन रेशमासारखी झाली. मिरी, जांभूळ, मागे ओल्या दगडाचा गारवा.

ही 'कायूज' या वाइनरीची, तिच्या 'कायू' नावाच्या द्राक्षमळ्यातली सिराह. कायू म्हणजे फ्रेंचमध्ये गोटे. नाव अगदी खरं आहे: अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, मिल्टन-फ्रीवॉटर गावाजवळ वाला वाला नदीने आणून टाकलेल्या बेसाल्टच्या गोट्यांत 'कायूज'चे संस्थापक ख्रिस्तोफ बॅरन यांनी १९९७ साली ही वेल लावली. गोटे दिवसभर तापतात, पाणी झरझर खाली जातं, मुळांना खोल उतरावंच लागतं. २०१५ साली या पट्ट्याला 'द रॉक्स डिस्ट्रिक्ट' या नावाने स्वतंत्र वाइन-प्रदेश म्हणून मान्यता मिळाली.

आंबटपणा कमी आहे, ते मला किंचित खटकतं. ज्यांना स्वच्छ, फळाळ वाइन आवडते त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. माझी दुसरी बाटली आडवी ठेवली आहे, निदान पाच वर्षं तरी हात लावणार नाही.