मेन्टेनन्स स्क्रिप्टसाठी पायथन: ४ स्टार, अटी लागू

एकच ॲप विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालवायचंय आणि बॅकअप, जुने लॉग उडवणं, कॉन्फिग बदलणं ही सगळी कटकट स्क्रिप्टवर टाकायचीये, तर माझं मत पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेला. नंतर दुसऱ्या कुणी फाईल उघडली तरी डोकं न खाजवता कळते, मेन्टेनन्समध्ये यापेक्षा मोठं काय असतं?

बॅशवाले (लिनक्सवर कमांड लिहून स्क्रिप्ट करायची नेहमीची भाषा) आता भांडायला येतील. लिनक्सवर बॅश मस्तच आहे हो, पण मॅकवर अजून व्हर्जन ३.२ च येतं, म्हणजे २००६ चं, कारण ४.० पासून लायसन्स जीपीएल ३ (ओपन सोर्सचं जास्त अटींचं लायसन्स) झालं आणि ॲपल तिथेच थांबलं, त्यामुळे असोसिएटिव्ह ॲरे (नावानं किंमत साठवणाऱ्या याद्या) वापरले की स्क्रिप्ट झोपली. सेडने (टेक्स्ट बदलायची कमांड) फाईल जागच्या जागी बदलायची तर लिनक्सवर नुसता ऑप्शन चालतो, मॅकवर त्याच्यापुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, रिकामं का होईना. वर विंडोजवर सेव्ह केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की ओळीच्या शेवटी लपलेलं कॅरेज रिटर्न (विंडोज ओळ संपवताना टाकतं ते जादा अक्षर) नडतं आणि एरर असा येतो की कारण कळतच नाही.

मायक्रोसॉफ्टचं पॉवरशेल चांगलंय, २०१६ पासून ओपन सोर्स, पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देताना) टेक्स्टऐवजी ऑब्जेक्ट जातात त्यामुळे टेक्स्टची कापाकापी वाचते. पण विंडोजसोबत येतं ते ५.१, आणि तिन्हीकडे चालणारं ७ वेगळं टाकावं लागतं.

पायथनची खरी मजा स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे सोबतच येणाऱ्या तयार कोडमध्ये आहे. पाथलिब (फाईलचे पाथ सांभाळणारा भाग, ३.४ पासून, म्हणजे २०१४) वापरलं की उलट्या-सुलट्या स्लॅशची भानगड संपते, झिप, जेसन (डेटा लिहायचा फॉरमॅट), एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) सगळं आतच आहे. बाहेरचं एकही पॅकेज न घेता जेवढं होईल तेवढं करा, एक पॅकेज घेतलं की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या पॅकेजेससाठी वेगळं फोल्डर) आलं, मग ते प्रत्येक मशीनवर सांभाळत बसा.

एक स्टार कापला तो इन्स्टॉलेशनसाठी. विंडोजवर मुळात पायथन नसतं, कमांड टाकली की स्टोअरच उघडतं, आणि ॲपलने २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून पायथन २.७ काढून टाकलं, म्हणजे त्याच्या भरवशावर असलेल्या जुन्या स्क्रिप्ट गेल्या. व्हर्जनही दरवर्षी नवीन येतं, प्रत्येकाला साधारण ५ वर्षं सपोर्ट, आणि मधेच काहीतरी गायब होतं, ३.१२ मधून डिस्टयुटिल्स (पॅकेज बनवायचं जुनं साधन) गेलं तसं. फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, नाहीतर विंडोज बहुतेक वेळा स्वतःचं जुनं कोडपेज (अक्षरांची जुनी सांकेतिक यादी) लावतं आणि देवनागरीचा पार कचरा होतो.

बाकी सगळी मशीनं विंडोजचीच असतील तर पायथन कशाला, पॉवरशेलच घ्या. आणि फक्त लिनक्स सर्व्हरवरचं दहा ओळींचं काम असेल तर बॅशमध्येच उरका.