जुन्या डीव्हीडी रायटरच्या लेझर डायोडसाठी घेतलेला ड्रायव्हर किट: बोर्ड चालतो, गॉगल फेकून द्या

बंद पडलेले ड्राइव्ह साठवायची सवय आहे मला, तीन डीव्हीडी रायटर, एक नुसता रीडर आणि एक ब्लू-रे एवढा माल जमला तेव्हा ठरवलं की आतले डायोड काढून नीट टेस्ट करायचे, दरवेळी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जुळवायची पाटी) एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीचं जाळं विणायचा कंटाळा आला होता म्हणून हा तयार किट मागवला. डब्यात अ‍ॅडजस्ट होणारा करंट ड्रायव्हर (डायोडला ठरवलेला करंटच देणारा बोर्ड), पितळी हाउसिंग, अ‍ॅक्रिलिक लेन्स, स्प्रिंग आणि एक गॉगल. कंपनीचं नाव विचारू नका, डब्यावर नाहीच.

आधी बोर्डबद्दल. आत तेच एलएम३१७ छाप सर्किट आहे, म्हणजे १.२५ भागिले रेझिस्टन्स एवढा करंट, सोल्डरिंग स्वच्छ, हीटसिंक बारका पण आहे. डायोडला असाच ड्रायव्हर लागतो, थेट बॅटरी लावून चालत नाही, कारण डायोड तापला की त्याचं व्होल्टेज उतरतं, मग तो अजून करंट ओढतो, अजून तापतो आणि मेला. इथपर्यंत सगळं ठीक.

पण माझा पहिला डायोड या बोर्डानेच खाल्ला, आणि त्यात अर्धी चूक माझी. सप्लाय आधी चालू केला आणि मग डायोडच्या वायरी जोडल्या. आउटपुटला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, लोड नसताना तो जवळजवळ पूर्ण सप्लायच्या व्होल्टेजला भरून बसतो आणि वायर टेकली की सगळा चार्ज एका दमात डायोडमध्ये. डोळ्याचं पातं लवायच्या आत झगमग झाली आणि नंतर नुसता मंद लाल उजेड, टॉर्चसारखा पसरलेला. भिंतीवरच्या ठिपक्यात ती वाळू सळसळल्यासारखी चमक दिसते ना, ती गायब. ती गेली म्हणजे लेझर गेला, पुढे फक्त एलईडी उरतो. सोबतच्या चिटोऱ्यावर याबद्दल एक ओळ नाही, राग त्याचा आहे. आता माझा क्रम ठरलाय, सप्लाय बंद, आउटपुटच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून कपॅसिटर रिकामा, मग डायोड, मग सप्लाय.

दुसरी गोष्ट, ट्रिमपॉट (करंट कमीजास्त करायचा स्क्रू) आला तोच वर चढवलेला. नशीब की दुसऱ्या वेळी आधी डमी लोडवर (लेझरच्या जागी लावायचा खोटा भार) बघितलं, १एन४००७ हे साधे डायोड चार ओळीत आणि सोबत १ ओहमचा रेझिस्टर, त्या रेझिस्टरवर मल्टिमीटर लावला की जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. ३१० दाखवत होता! माझ्या डायोडला मी २५० च्या वर नेणार नव्हतो. पॉट पण एका फेऱ्याचा स्वस्तातला, १० ओहमला १२५ आणि ५ ओहमला २५०, म्हणजे वरच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर नुसता टेकला तरी आकडा उडी मारतो. मी तो उपटून दहा फेऱ्यांचा लावला, मग बोर्ड शहाण्यासारखा वागायला लागला.

डब्यावर इनपुट ५ ते ९ व्होल्ट लिहिलंय, ५ वर विश्वास ठेवू नका. लाल डायोडला अडीचच्या आसपास, करंट ठरवणाऱ्या सेन्स रेझिस्टरला १.२५ आणि आयसीला स्वतःला जवळपास २ व्होल्ट लागतात, बेरीज करा. ५ वर करंट नुसता घसरत राहतो आणि आपण डायोडलाच दोष देत बसतो. दोन लिथियम सेल सिरीजमध्ये लावले आणि प्रश्न मिटला, फक्त २०० मिलिअँपिअरला बोर्डात साधारण एक वॉट उष्णता होते त्यामुळे हात लावून बघत राहा.

दुसऱ्या रायटरचा डायोड मग निगुतीने काढला, पिकअपवर (ड्राइव्हमधला लेझर-लेन्सचा भाग) त्याच्या पिना आधी सोल्डरच्या थेंबाने शॉर्ट केल्या (स्टॅटिकने मेलेला डायोड दिसायला अगदी धडधाकट दिसतो) आणि हाउसिंगमध्ये बसवताना दाब फक्त कडेच्या रिंगवर दिला. पितळी हाउसिंग खरंच छान आहे, ५.६ मिलीमीटरचा डायोड घट्ट बसतो. लॅपटॉपच्या स्लिम ड्राइव्हमधला मात्र त्याहून लहान असतो, तो यात खुळखुळतो. २० मिलिअँपिअरपासून पाच पाचने वर गेलो, ५० ला एकदम उजेड फुटला, १५० ला लेझर पॉवर मीटरवर १०० मिलिवॉटच्या आसपास. रीडरमधला पण लावून पाहिला, तो ५ मिलिवॉटच्या घरातला, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप कशाला.

आता गॉगल. लाल रंगाचं प्लास्टिक, वर छापलंय २०० ते २००० नॅनोमीटर, ओडी ४ (ओडी म्हणजे काच उजेड किती अडवते त्याचं माप). अहो माणसाला दिसतो तो उजेडच साधारण ४०० ते ७०० मध्ये येतो, तो सगळा अडवला तर समोरचं टेबल तरी दिसेल का? आणि लाल काच लाल उजेड अडवते कधी? डायोड २० मिलिवॉटवर आणून गॉगल मीटरसमोर धरला, पलीकडे १७. ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग पलीकडे जायला हवा होता. हे नुसतं कुचकामी नाही, घातक आहे, कारण माणूस तो घालून निर्धास्त होतो. लाल डायोडच्या ६५० नॅनोमीटरसाठी निळसर हिरव्या काचेचा, त्या आकड्याला किती ओडी आहे ते स्पष्ट लिहिलेला गॉगल वेगळा घ्याच. सीडीवाला ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड तर मी लावलाच नाही, तो अंधूक लाल दिसतो म्हणून पापणी मिटत नाही आणि तेवढ्यात डोळ्याचं काम होऊन जातं.

बोर्डाला पाचातले तीन, हाउसिंगला चार, गॉगलला शून्य. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरवाला डायोड अजून तसाच ड्राइव्हच्या स्लेडमध्ये (पिकअपच्या सरकत्या भागात) आहे, त्याला एकट्यालाच ५ व्होल्टच्या आसपास लागतात म्हणजे ९ चा सप्लाय आला, आणि गॉगल पण नारिंगी. दोन्ही येईपर्यंत त्याला हात नाही लावणार.