जळगावातलं समाजाचं बोर्डिंग, राहायला कसं आहे
नाव टाकत नाही कारण तक्रार पण लिहायचीये. अकरावी किंवा एफवायला जळगावात येणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडलांनी नक्की वाचा.

बोर्डिंगमध्ये मेन असतात ती पोरं. रावेर, चोपडा, साक्री, शहादा कुठूनकुठून आलेली, कोणाच्या घरी केळी कोणाच्या घरी कपाशी, आणि पहिल्याच दिवशी "काय भो, कोणतं गाव" म्हणून एखादा सिनियर पेटी उचलायला येतो. नोट्स फुकट मिळतात, महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म अडकला की दादा लोक बसून भरून देतात, रात्री ताप चढला तर गाडीवर घालून दवाखान्यात नेतात. पास होऊन गेलेले एमआयडीसीतून, पुण्यातून फोन करून जागा निघाली की सांगतात. थंडीत भरीत पार्टी असते, कोणाच्या तरी शेतात पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) पेटवून वांगी भाजायची, लाकडी मुसळीनं मिरची-लसणासोबत ठेचायची, वरून कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी. त्या रात्री कोण नवा कोण जुना काही राहत नाही, सगळे एका पंगतीत.

माझा मावसभाऊ अमेरिकेत एमएस करतोय, तो म्हणे तिकडची फ्रॅटर्निटी, म्हणजे कॉलेजच्या पोरांची संघटना, बरीचशी अशीच. ग्रीक अक्षरांची नावं, एकत्र घर, वर्गणी, नवीन पोरगा आधी प्लेज आणि मग मेंबर. तिथल्या पोरांतच दोन मतं आहेत, काही म्हणतात जन्माची ओळख मिळते, काही म्हणतात पैसे देऊन दोस्त कशाला करायचे. 1906 मध्ये तिकडच्या कॉर्नेल विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा नावाची फ्रॅटर्निटी काढली कारण गोऱ्यांच्या संघटनांत त्यांना जागा नव्हती. आपल्याकडे शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली ती पण शिकायला आलेल्याला डोक्यावर छप्पर पाहिजे म्हणूनच. मला हे फार मोठं काम वाटतं.

आता तक्रार. रात्रीचं "इंट्रो". नव्या पोरांना लाईनीत उभं करायचं, मान खाली, शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघायचं, दोन-दोन वाजेपर्यंत शिव्या. साक्रीकडचा एक हुशार पोरगा यापायीच बॅग भरून गावी निघून गेला, रेक्टरांना सांगितलं तर म्हणे पोरं आहेत, चालायचंच. नाही चालत. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, कॉलेजच्या आतबाहेर दोन्हीकडे लागू, दोन वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. तिकडे अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात 2017 मध्ये फ्रॅटर्निटीतल्या एका प्लेजला दारू पाजून पाजून त्याचा जीव गेला, आणि डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेनं देशभरासाठी कायदा केला की कॉलेजांनी असले प्रकार जाहीर करायचे. जो सिनियर रात्री दवाखान्यात नेतो तोच इंट्रो घेतो, म्हणून नवी पोरं तोंड उघडत नाहीत, हेच मला सगळ्यात जास्त लागतं.

पाचपैकी साडेतीन. इंट्रो बंद केलं तर पाच देईन. जेवण ठीक, रविवारची शेवभाजी भारी. मे महिन्यात खोलीत बसवत नाही, कुलर स्वतःचा आणा. ॲडमिशन घ्यायच्या आधी पोराला जुन्या पोरांशी एकट्याला बोलू द्या, आणि 1800-180-5522 हा यूजीसीचा रॅगिंगविरोधी हेल्पलाईन नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.